धाकोजी तांडेलांच्या झोपेची व म्हाळसाबाईंच्या आठ सवालांची हकिकत

श्री. ज्याच्या इच्छेने नाकातोंडी वारा येतो आणि जातो, आणि मनुष्यास त्या येण्याजाण्याची खबरही नसते, त्या प्राणदात्यास आधी नमन. शके सोळाशे एकुणनव्वद, सर्वजित् नाम संवत्सरी, दर्याकाठच्या एका राज्यात जे वर्तमान घडले ते जैसे ऐकिले तैसे येथे लिहून ठेविले आहे. लिहिणाराचे नाव पुसू नये. कमी-अधिक असेल ते वाचणाराने सांभाळून घ्यावे.

त्या राज्याचे आरमार लहान, गलबते अवघी चौदा, परंतु खाडीचे मुख मोठे कठीण. मुखाशी दोन काळे खडक समोरासमोर उभे, त्यांस दर्यावर्दी लोक जावा म्हणत, कारण दोघी एकमेकींकडे तोंड करून उभ्या आणि मधून जाणाराची धडगत नाही. त्या दोघींमधून भरतीच्या पाण्यावर गलबत आत आणावे, हे काम धाकोजी तांडेलांचे. तांडेल म्हणजे गलबतावरला मुख्य, सुकाणू त्याच्या हाती. धाकोजी वयाने सेहेचाळीस, अंगाने काटक, मान मात्र बैलासारखी जाड, आणि वीस वर्षे सुकाणू धरिले परंतु गलबतास ओरखडा म्हणून उमटू दिला नाही. आरमाराचे मुख्य सरखेल, ते चारचौघांत म्हणत, "धाकोजी वर सुकाणूवर असला म्हणजे मी खाली स्वस्थपणे जेवतो." ऐसा त्यांचा लौकिक.

परंतु मागील सात वर्षांत तांडेलांस एक पीडा लागली होती. ती ऐसी की, रात्रभर निजावे आणि सकाळी उठावे तो डोके दगडासारखे जड, तोंडास कोरड, आणि मग दिवसा बसल्या जागी डोळा लागावा. जेवता जेवता घास हातात राही आणि मान छातीवर येई. कीर्तनास बसले तर बुवांनी पहिला अभंग घेण्याआधी हे झोपी गेलेले. तांडेलांस वाटे, आपण आळशी जाहलो, आपल्या अंगातला दम गेला. लाजेने कोणास सांगत ना. सुकाणूवर उभे राहण्याआधी दोन घागरी थंड पाणी डोक्यावर घेत, काळी मिरी चावीत, मांडीस चिमटे काढीत, आणि ऐसे करून वेळ निभावून नेत. घरी त्यांची स्त्री चांगुणाबाई, तिला एकदा निक्षून सांगितले की, "माझ्या झोपेची गोष्ट या उंबऱ्याबाहेर गेली तर माझे सुकाणू गेले जाण." त्या बाईने मान हलविली आणि सात वर्षे शब्द पाळिला.

मग आश्विन मासी, भर दुपारी, ऊन लख्ख आणि वारा मंद, गलबत मिठाचे भरून परत येत होते, आणि जावा अजून दोन हाकांवर असता तांडेल उभ्या उभ्या निजले. खलाशी ओरडले तेव्हा डोळा उघडिला आणि सुकाणू फिरविले, परंतु गलबताची डावी कूस खडकास घासली, दोघे खलाशी पाण्यात पडले, त्यांतला एक आपण पोहून आला आणि दुसरा येसू म्हणून होता, त्याचा हात खडकावर आपटून मोडला. जीव कोणाचा गेला नाही. परंतु बंदरावर बोलवा उठली की धाकोजी तांडेल दारू पिऊन सुकाणू धरितात. आणि या गृहस्थाने जन्मात दारूस बोट लाविले नव्हते. सरखेलांनी एकांती बोलावून पुसले, "तांडेल, खरे सांग. प्यालास काय?" तांडेल म्हणाले, "नाही सरकार." सरखेल म्हणाले, "मग निजलास काय?" तेव्हा तांडेलांच्या मनात आले, प्यालेल्यास एकदा क्षमा आहे, परंतु सुकाणूवर निजणारास कोण ठेवील? मग खाली पाहून म्हणाले, "ऊन डोळ्यांवर आले, सरकार." सरखेलांनी ते ऐकून घेतले. मग म्हणाले, "बरे. महाराजांची कन्या पोटुशी आहे, पहिले बाळंतपण माहेरी करावयाचे, आणि घाटाचा रस्ता तिला सोसणार नाही म्हणून कार्तिक वद्य पंचमीस दर्यामार्गे आणावयाची. गलबतावर चाळीस माणसे असतील. महाराजांनी तुझेच नाव घेतले आहे. मी नाही म्हटले नाही." ऐसे म्हणून निरोप दिला, आणि तांडेल घरी आले ते तोंडात मिरी नसतानाही तोंड तिखट झाल्यासारखे आले.

तशात चौथे दिवशी भाकरीचा तुकडा चावता तांडेलांच्या दाढेचा टवका उडाला आणि ठणका ऐसा लागला की जबडा उघडवेना. मग चांगुणाबाई त्यांस घेऊन दंतशाळेत गेल्या. दंतशाळेच्या मुख्य म्हाळसाबाई. त्यांचे वडील त्या राज्याचे दंतवैद्य, त्यांस पुत्र नव्हता, म्हणून सांडशी आणि हुन्नर दोन्ही लेकीच्या हाती दिले, आणि बाईंनी ते वडिलांहून चांगले चालविले. त्या बाईंनी एक नवीच वहिवाट घातली होती. जो कोणी दात दाखविण्यास येई त्यास तोंड उघडण्याआधी सवाल करीत. सवाल आठ. चार तोंडाने पुसण्याचे: घोरणे बंद दाराबाहेर ऐकू येते काय, दिवसा थकवा किंवा डुलकी येते काय, झोपेत श्वास थांबलेला कोणी पाहिला काय, आणि वैद्याने नाडी जोराची चालते म्हणून सांगितले काय. उरलेले चार डोळ्यांनी आणि दोऱ्याने पाहण्याचे: शरीर स्थूल आहे काय, वय पन्नास उलटले काय, गळ्याचा घेर दोन विती भरतो काय, आणि पुरुष आहे काय. होकार तीन किंवा अधिक आले की बाई राजवैद्यांच्या नावे चिठ्ठी देत. यावर दरबारी लोक हसत आणि म्हणत, दाताच्या वैद्याने दात पाहावे, घोरणे पुसणे हा कोणता उद्योग? बाई उत्तर करीत, "वैद्याकडे माणूस आजारी पडला तर जातो. माझ्याकडे दाढ दुखली की धडधाकटही येतो, आणि तोंड उघडून बसतो. त्या तोंडात मला जे दिसते ते न पाहिल्यासारखे कसे करू?"

तांडेल बसले. बाईंनी कागद पुढे घेतला आणि पुसले, "घोरता काय?" तांडेल म्हणाले, "नाही." "दिवसा डुलकी?" "नाही." "श्वास थांबलेला कोणी पाहिला?" "कोण पाहणार? नाही." "नाडी जोराची म्हणून कोणी सांगितले?" "नाही. बाई, माझी दाढ दुखते, नाडी नाही." मग बाईंनी दोरा घेऊन गळा मापिला तो दोन वितींहून बोटभर अधिक भरला. अंग स्थूल नव्हते, वय पन्नासाच्या आत, आणि पुरुष काय हे पुसण्याचे कारण नव्हते. अवघे होकार दोन. कागद खाली ठेवण्याजोगा जाहला. परंतु बाईंनी मग तोंडात पाहिले तो सगळे दात झिजून सपाट, जसे कोणी कानशीने घासले, आणि जिभेच्या दोन्ही कडांस दातांच्या खुणा उमटलेल्या, आणि पडजीभ घशात इतकी खाली की मागची वाट दिसेना. बाईंनी कागद खाली ठेविला नाही. लवंगेच्या तेलाचा कापूस दाढेत घातला आणि म्हणाल्या, "ठणका बसे तोवर लोडास टेकून स्वस्थ बसा. मी आलेच." ऐसे म्हणून ओटीवर आल्या, तेथे चांगुणाबाई बसल्या होत्या, त्यांच्याजवळ बसल्या.

बाई म्हणाल्या, "चांगुणे, तुझे यजमान रात्री निजतात कसे?" चांगुणाबाई म्हणाल्या, "बरे निजतात." बाई म्हणाल्या, "घोरतात?" चांगुणाबाईंनी पदराचे टोक बोटाला गुंडाळिले आणि म्हणाल्या, "घरोघरचे पुरुष घोरतात, बाई." तोच आतून घोरण्याचा आवाज येऊ लागला, कारण तांडेल लोडास टेकताच निजले होते. म्हाळसाबाई नुसत्या ऐकत राहिल्या, आणि मग बंदरावर कोळंबी कशी आहे, घरची गाय व्यायली काय, ऐसे इकडचे तिकडचे पुसू लागल्या, आणि चांगुणाबाई उत्तरे देऊ लागल्या. आतले घोरणे चढत गेले आणि एकाएकी बंद जाहले. चांगुणाबाई बोलत होत्या, "गाय व्याली, पण वासरू..." इतके म्हणाल्या आणि शब्द अर्धा टाकून उठल्या, न पुसता आत गेल्या, यजमानांच्या खांद्यास हात घालून त्यांस कुशीवर वळविले, आणि तांडेलांच्या छातीतून मोठा उसासा निघाला आणि श्वास चालू जाहला. मग चांगुणाबाईंस उमगले की आपण काय केले. मागे पाहिले तो दारात म्हाळसाबाई उभ्या. बाई हळू बोलल्या, "हे तुझ्या हाताला कधीपासून ठाऊक आहे?" चांगुणाबाईंचे डोळे भरून आले आणि म्हणाल्या, "सात वर्षे. घोरणे ऐकू येते तोवर मी निजते, बाई. ते थांबले की मला जाग येते. एकेका रात्री तीस वेळा, चाळीस वेळा. मला वाटते मी निजले आणि उठले नाही तर हे उठायचे नाहीत."

इतक्यात तांडेल जागे जाहले आणि शेवटले शब्द त्यांच्या कानी पडले. त्यांनी स्त्रीकडे पाहिले आणि संतापून म्हणाले, "मी काय सांगितले होते?" चांगुणाबाई म्हणाल्या, "मी सांगितले नाही. हाताने सांगितले." म्हाळसाबाई मध्ये बोलल्या, "तांडेल, तिच्यावर रागावू नका, कागदावर रागवा." मग तेथेच चारही सवाल पुन्हा पुसले, चांगुणाबाईंनी चारांसही होय म्हटले, आणि गेल्या चैत्रात राजवैद्यांनी नाडी जोराची म्हणून मीठ कमी करण्यास सांगितले होते तेही सांगितले. दोनाचे सहा जाहले. बाईंनी चिठ्ठी लिहिली आणि तांडेलांच्याच हाती दिली. तांडेल म्हणाले, "ही चिठ्ठी सरखेलांकडे जाणार?" बाई म्हणाल्या, "माझ्याकडून कोणाकडेही जाणार नाही. माझे सवाल रोग ठरवीत नाहीत, नुसती शंका दाखवितात. रोग आहे की नाही हे राजवैद्य सोमनाथशास्त्री पाहतील. आणि सरखेलांस सांगावे की न सांगावे हे तुमच्याकडे. परंतु रोग असला तर तो तुमचा आळस नव्हे, इतके मी आजच सांगते." तांडेल चिठ्ठी कमरेस खोचून निघाले.

घरी आल्यावर तीन दिवस चिठ्ठी तांडेलांच्या कमरेसच राहिली. तांडेलांचे मन एकीकडे म्हणे, पंचमीस उरले पंधरा दिवस, एवढी फेरी करावी आणि मग चिठ्ठी घेऊन जावे, आधी गेलो तर वीस वर्षांचे नाव एका दिवसात बुडेल. दुसरीकडे बाईंचे बोलणे आठवे की हा आळस नव्हे, आणि तेवढ्याने छातीवरले काही उतरल्यासारखे होई, आणि पुन्हा तेच की उतरले ते सांगावे कोणास? तिसरे दिवशी संध्याकाळी चांगुणाबाई पान वाढून समोर बसल्या आणि म्हणाल्या, "मी एक पुसते. पंचमीला मी गलबतावर येऊ? सुकाणूजवळ बसते. तुमचा डोळा लागला तर हलवीन." तांडेल म्हणाले, "बायकोला कडेला बसवून सुकाणू धरू?" चांगुणाबाई म्हणाल्या, "मग नका धरू. घरात मी एकाला हलविते, तेवढ्यात माझ्या रात्री गेल्या. तिथे चाळिसांना कोण हलवील?" तांडेल जेवले नाहीत. हात धुऊन उठले, बंदराकडे गेले, तेथे तो येसू खलाशी मोडका हात गळ्यात अडकवून एका हाताने जाळ्याच्या गाठी सोडवीत बसला होता. त्याने तांडेलांस पाहून रामराम केला आणि म्हणाला, "तांडेल, लोक काही बोलतात, मी कोणाला बोलू दिले नाही. तुम्ही प्याला नव्हता, मी जवळ उभा होतो." इतके ऐकून तांडेलांस तेथे उभे राहवेना. ते तसेच माघारी फिरून थेट सरखेलांच्या वाड्यावर गेले.

सरखेल हिशेबाचे कागद बाजूस सारून म्हणाले, "आता कसा आलास?" तांडेलांनी मुजरा केला आणि उभ्यानेच सर्व सांगितले: सात वर्षांची गोष्ट, मिरी, घागरी, चिमटे, आणि आश्विनातल्या दुपारी ऊन डोळ्यांवर आले नव्हते तर आपण निजलो होतो हे, आणि मग चिठ्ठी पुढे ठेवून म्हणाले, "सरकार, पंचमीचे सुकाणू मजकडे नको. पुढचे आपण ठरवाल ते." सरखेलांनी चिठ्ठी दोनदा वाचिली. मग म्हणाले, "मी तुला दारुड्या समजलो होतो, धाकोजी. इतकी वर्षे तुला ओळखत असून तसे समजलो. ते माझ्याकडून चुकले." तांडेलांस रागावलेले सरखेल सोसले असते, हे सोसवेना. त्यांनी तोंड फिरविले. सरखेल म्हणाले, "पंचमीस दुसरा तांडेल जाईल. तू शास्त्रीबोवांकडे जा. तुझी जागा मी कोणास दिली नाही, नुसती झाकून ठेविली आहे."

पंचमीस राजकन्येचे गलबत भरतीवर आले आणि दुसऱ्या तांडेलाने ते जावांमधून सुखरूप आत घातले. बंदरावर नगारे वाजले. धाकोजी गर्दीच्या मागे उभे होते. गलबत नीट वळले तेव्हा त्यांचे हात आपोआप सुकाणू धरिल्यासारखे वळले, कारण ते वळण त्यांचे. परंतु राजकन्या पालखीत बसण्यास उतरली, दोघी बायांच्या आधाराने, एक हात पोटावर ठेवून सावकाश पाय टाकीत, तेव्हा तांडेलांनी हात जोडिले, आणि कोणास जोडिले हे त्यांचे त्यांसही सांगता आले नसते.

मग सोमनाथशास्त्र्यांनी तांडेलांस आपल्या घरी तीन रात्री निजविले आणि आपण उशाशी बसून राहिले. एका बाजूस घटिकापात्र, म्हणजे पाण्यात बुडून वेळ दाखविणारी वाटी, आणि दुसऱ्या बाजूस हरभऱ्यांचे भांडे. श्वास दहा अंक मोजेपर्यंत थांबला की एक हरभरा ताटात टाकावा, ऐसी रीत. तिसरी रात्र सरल्यावर सकाळी शास्त्र्यांनी ताट तांडेलांपुढे ठेविले. तांडेलांनी पुसले, "हे काय?" शास्त्री म्हणाले, "ही तुमची कालची झोप. दोनशे अठरा आहेत, दोनदा मोजले." तांडेल त्या राशीकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "इतक्या वेळा मी मेलो?" शास्त्री हसून म्हणाले, "मेला नाहीत. निजलात की घसा मिटतो, वारा आत जाईना होतो, मग देह घाबरून तुम्हांस अर्धवट उठवितो आणि घसा उघडतो. तुम्हांस ते आठवत नाही. दोनशे अठरा वेळा ज्यास कोणी उठविले तो दिवसा निजणार नाही तर काय करील? नाडीचा जोरही त्यातलाच." तांडेलांनी राशीतले चार हरभरे उचलले आणि परत ठेविले. त्यांच्या ध्यानात आले की शास्त्रीबोवा तीन रात्री बसले तो त्यांचे डोळे लाल झाले, आणि चांगुणा सात वर्षे बसली.

शास्त्र्यांनी सांगितले ते ऐसे: उताणे निजू नये, रात्रीचे जेवण हलके आणि दिवेलागणीस उरकावे, आणि म्हाळसाबाईंकडून जबड्याची पट्टी करून घ्यावी. मग बाईंनी मेणात तांडेलांच्या दोन्ही दंतपंक्तींचे ठसे घेतले, आणि त्याबरहुकूम हस्तिदंताच्या दोन पट्ट्या कोरून चांदीच्या बारीक कड्यांनी जोडिल्या, ऐशा की निजताना तोंडात बसविल्या म्हणजे खालचा जबडा थोडा पुढे राहावा आणि जिभेमागची वाट मोकळी राहावी. पहिले आठ दिवस तांडेलांचे फार हाल जाहले. उशी लाळेने भिजे, सकाळी जबडा दुखे, घास चावता कळ येई. नववे दिवशी त्यांनी पट्टी बाईंपुढे ठेविली आणि म्हणाले, "घोड्याच्या तोंडात लगाम घालतात तसे झाले आहे, बाई. मजला नको." बाई म्हणाल्या, "मी घाई केली. कडे एकदम पुढे घेतले." मग कडे मागे सारिले आणि आठवड्यास गव्हाच्या दाण्याइतके पुढे घेत गेल्या, सकाळी जबड्यास शेक आणि बोटांनी चोळणे शिकविले, आणि दर खेपेस चांगुणाबाईंस बाजूस बसवून पुसत, "काल कसे?" कारण बाईंनी त्या दिवसापासून नियम केला होता की निजणारास एकट्यास पुसणे नाही, जो शेजारी जागतो त्यासही पुसावे.

महिना लोटला आणि मार्गशीर्षातल्या एका सकाळी तांडेल जागे जाहले. डोके हलके. तोंडास कोरड नाही. कौलातून ऊन आत आलेले आणि बाहेर शेजारणी पाणी भरून परतत होत्या. ऐसे हलके अंग कधी होते हे आठवू गेले तो आठवेना. मग शेजारी पाहिले. चांगुणाबाई निजल्या होत्या. हात उशाखाली, तोंड किंचित उघडे, पदर अस्ताव्यस्त, आणि ऊन पायांवर येऊनही जाग नाही. एरवी कोंबड्याआधी चूल पेटविणारी बाई. तांडेल हलले नाहीत. पट्टी तोंडातून हळूच काढून हाती धरिली आणि भिंतीस टेकून बसून राहिले. दारावर दूधवाली आली, तिला खुणेने गप्प केले. गाय हंबरली तेव्हा त्यांस गायीचाही राग आला. ऐसे दोन घटका गेल्यावर बाई दचकून उठल्या, आधी यजमानांच्या छातीवर हात ठेविला, ते जागे पाहून म्हणाल्या, "अगो बाई! केवढे हे ऊन! मला उठविले का नाही?" तांडेल म्हणाले, "तू मला पुष्कळ उठविलेस." आणि उठून चूल पेटवू लागले, ती त्यांस पेटेना, आणि बाई हसू लागल्या.

पुढे शास्त्र्यांनी पुन्हा एक रात्र हरभरे मोजिले, ते एकतीस भरले. नाडीही उतरली. शास्त्र्यांनी तसे पत्र सरखेलांस लिहिले. सरखेलांनी पौष आणि माघ तांडेलांस दुसऱ्या तांडेलाच्या जोडीस उभे केले, रिकामी गलबते हाकविली, भर दुपारची फेरी मुद्दाम दिली, आणि आपण डोलकाठीशी बसून पाहत राहिले. फाल्गुनात एके दिवशी सरखेल उठले आणि खाली जेवायला गेले. खलाशांनी एकमेकांकडे पाहिले. तांडेलांनी सुकाणू दोन्ही हातांनी धरिले आणि जावा उजव्या-डाव्या हातास टाकून गलबत आत आणिले. त्या फेरीत येसू खलाशी दोरावर होता, त्याचा हात बसला होता.

चैत्रात तांडेल स्त्रीसह दंतशाळेत गेले. बरोबर सुरमईची जोडी, नारळ, आणि बाईंस एक पैठणी. म्हाळसाबाईंनी सुरमई आत पाठविली, नारळ देवापुढे ठेविला, आणि पैठणी चांगुणाबाईंच्या खांद्यावर टाकून म्हणाल्या, "ही जागलेल्या माणसाची." तांडेल म्हणाले, "बाई, मी आपणांस पहिल्या दिवशी चार वेळा खोटे बोललो. आपण कागद ठेवून दाढ भरून मजला वाटेस लाविले असते तरी कोणी आपणांस बोल लाविला नसता. आता मजला काही काम सांगा, नाहीतर हे मनावरून उतरत नाही." बाई म्हणाल्या, "काम आहे. गलबतावरले लोक माझ्या सवालांस नाहीच म्हणतात. सुकाणू जाईल, डोलकाठीवर चढू देणार नाहीत, ही भीती. मी बाई, त्यांतून किनाऱ्यावरली. मला ते खरे सांगत नाहीत. पावसाळ्यात गलबते वर ओढून झावळ्यांनी शाकारली की तुम्ही रिकामे असता. माझ्या ओटीवर बसाल?"

मग ज्येष्ठ, आषाढ आणि अर्धा श्रावण धाकोजी तांडेल दंतशाळेच्या ओटीवर बसले. कोणी खलाशी गाल धरून आला की त्यास जवळ बसवीत आणि सवाल करण्याआधी आपलीच गोष्ट सांगत, कोठे निजलो, कोणाचा हात मोडला, सरखेलांस काय खोटे सांगितले, काही न लपविता, आणि मग पुसत, "आता तू सांग. घोरतोस?" कोणी हसे, कोणी खाली पाही. एक बुजुर्ग नाखवा, आडनाव सांगण्याचे कारण नाही, चारही सवालांस ताठपणे नाही म्हणाला, आणि तांडेल त्याच्याकडे पाहत उगेच बसले. पाऊस पागोळ्यांवरून गळत होता. मग नाखवा म्हणाला, "घरून विचारून येऊ काय?" तांडेल म्हणाले, "तिलाच घेऊन ये."

सारांश ऐसा. त्या पावसाळ्यात ओटीवर एकशे त्रेचाळीस जणांस सवाल जाहले. एक्कावन्न जणांस चिठ्ठ्या मिळाल्या. त्यांत चौतिसांस रोग ठरला आणि सतरांस नाही ठरला, ते सतरा निश्चिंत होऊन घरी गेले. चौतिसांपैकी काहींस पट्टी जमली, काहींस जमली नाही, त्यांस शास्त्र्यांनी दुसरे उपाय केले, आणि तिघांनी काहीच ऐकले नाही. महाराजांनी दुसरे वर्षी आज्ञा केली की राज्यातल्या सर्व बंदरी दंतवैद्यांनी हे आठ सवाल पुसावे, आणि घरच्या माणसासही पुसावे. धाकोजी तांडेलांनी त्यानंतर एकोणीस वर्षे सुकाणू धरिले. म्हाळसाबाईंचे नाव निघाले की ते आधी उठून उभे राहत, मग बोलत. चांगुणाबाई वृद्धपणी लेकी-सुनांस सांगत की त्यांस आता झोप फार येते, आणि हे सांगताना त्यांस मोठा आनंद वाटे. इतके वर्तमान लिहून लेखणी ठेविली. वाचणारास आणि वाचणाराच्या शेजारी निजणारास कल्याण असो.